गाडी वळेपर्यंत

आण्णांचं लिव्हर माझ्या मोबाईलच्या वरच्या कोपऱ्यात असतं. बॅटरी आणि नेटवर्कच्या मधे. एक आकडा, आणि त्याच्या मागं एक रंग. हिरवा, पिवळा किंवा लाल.

आत्ता पिवळा आहे. म्हणजे हे वाक्य टाईप करायला घेतलं तेव्हा होता. परत बघितलं. पिवळाच.

मी तुषार ऐवळे. घर तासगावात, राहतो सांगलीत एका खोलीवर. शिक्षणाचं विशेष काही नाही. बारावीनंतर मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात बसलो आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा व्हिडिओ बघून कोडिंग शिकलो. आधी चुकत, मग कमी चुकत. आता पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचं काम करतो. ती कंपनी पट्टी बनवते. पोटावर चिकटवायची, विड्याच्या पानाएवढी, आत सोनोग्राफीचं मशीन. पट्टीतून जे सिग्नल येतात त्यातला गोंगाट काढायचा, हे माझं काम. सिग्नलचा एकेक तुकडा बघायचा आणि त्याला लेबल लावायचं. दोनच लेबलं आहेत. आजार किंवा गोंगाट. आजार ठेवायचा, गोंगाट पुसायचा.

आण्णा म्हणजे माझे वडील, दत्तू मास्तर. न्यू झंकार ब्रास बँड, तासगाव. लीड ट्रंपेट. आमच्याकडं लग्न ठरलं की लोक आधी मास्तरांची तारीख बघायचे, मग हॉलची.

सावळजच्या एका वरातीत हे सगळं सुरू झालं. नवरदेव घोड्यावर, पोरं नाचतायत, आण्णा पांढऱ्या कोटात सगळ्यांच्या पुढं. वरच्या सुरावर गेले आणि सूर मधेच तुटला. बाकीचा बँड तसाच वाजत राहिला, कुणाला कळलंच नाही. ढोल वाजवणारे रज्जाकमामू मागं होते, त्यांनी ढोल टाकला आणि आण्णांना धरलं. कोट पुढून सगळा लाल. रक्ताची उलटी.

आणि गर्दीतला कुणीतरी म्हणाला, "मास्तर पिऊन आलाय."

आण्णांनी आयुष्यात दारू घेतली नाही. अख्खा बँड घ्यायचा, हे चहा प्यायचे. पण लिव्हर म्हटलं की लोकांना एकच कारण माहीत. डॉक्टरांनी तपासलं तर बी प्रकारची कावीळ निघाली, कधीची कोण जाणे, अंगात बसून आतल्या आत लिव्हर खाणारी. सिरॉसिस. आईनं शेजारी सगळ्यांना रिपोर्ट दाखवला. लोक रिपोर्ट बघायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "सोडली ना आता?"

डॉक्टर म्हणजे मिरजेच्या डॉ. नाझनीन बागवान. दुर्बीण घालून त्यांनी फुटलेल्या नसेला रबराची रिंग बांधली. त्याला पण बँडच म्हणतात. आण्णा शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलले, "मॅडम, बँडवाल्याला बँड लावला तुम्ही."

मग सोनोग्राफी. डॉक्टरांनी बरगड्यांच्या मधे प्रोब ठेवला आणि सांगितलं, "श्वास धरा."

आण्णांनी श्वास धरला. मशीनवरचा आकडा असा काही उसळला की डॉक्टर स्वतःच दचकल्या. परत धरायला सांगितलं. परत तेच. मग त्यांनी आण्णांच्या पोटावर हात ठेवला आणि हसल्या. पोट दगडासारखं घट्ट, गाल फुगलेले, मान ताठ.

"मास्तर, फुंकायचं नाहीये. नुसतं थांबायचं."

"नुसतं थांबायचं म्हणजे कसं?" आण्णांनी खरंच विचारलं. पोरवयापासून ते श्वास एकाच कामासाठी धरत आले होते.

ही गोष्ट मी हसण्यावारी नेली. तेव्हाच नीट लक्षात ठेवायला पाहिजे होती.

*

पट्टी काय करते ते सांगतो. अवघड नाही.

हलगी वाजवायच्या आधी शेकतात. जाळावर धरली की कातडं ताणतं. ढिल्या कातड्यावर मारलं तर आवाज रेंगाळतो, ताणलेल्यावर मारलं तर पळतो. पट्टी हेच बघते. ऐकू न येणाऱ्या आवाजाचा एक बारीक धक्का लिव्हरला मारते. त्या धक्क्याची लाट लिव्हरमधून सरकते. पट्टी लाटेच्या मागं आणखी आवाज सोडते आणि ती किती वेगानं जाते ते मोजते. चांगलं लिव्हर मऊ, तिथं लाट रमतगमत जाते. व्रणांनी भरलेलं लिव्हर कडक, तिथं लाट सुसाट. सुई नाही, तुकडा काढणं नाही.

आता कडक लिव्हरचा आणि रक्ताच्या उलटीचा काय संबंध? आतड्यांतलं रक्त एका मोठ्या नसेनं लिव्हरकडं जातं. लिव्हर कडक झालं की ते रक्ताला आत घेत नाही. रक्त तुंबतं, मागं सरतं, आडवाटा शोधतं. अन्ननळीच्या तळाशी अशा बारीक नसा असतात. त्या फुगतात आणि एखाद्या दिवशी फुटतात. डावीकडं प्लीहा असते, आमच्याकडं तिला पानथरी म्हणतात. तीही तुंबून कडक होते, म्हणून एक पट्टी उजवीकडं आणि एक डावीकडं. दोन्हीकडचा वेग धरून आतला ताण किती आणि नस फुटायची भीती किती याचा आकडा निघतो. आधी यासाठी घशातून दुर्बीण घालायला लागायची, तीही कधीमधी. आता दिवसभर, आपोआप. लाल काही सेकंद राहिला की मला, आईला आणि डॉक्टरांना मेसेज. लाल टिकून राहिला तर ॲम्ब्युलन्सलाच फोन.

अडचण एकच, श्वास. लिव्हर श्वासाबरोबर खालीवर हलतं. माणूस खोकतो, हसतो, बोलतो, सगळं सिग्नलमध्ये येतं. ते पुसायचा कोड मी लिहिलाय. कंपनीत त्याला माझ्या नावावरून तुषारगाळणी म्हणतात. मला अभिमान होता. आहे.

आण्णांना मीच पट्टी लावली. कंपनीची चाचणी चालू होती, माणसं हवी होती. चिकटवताना आण्णा म्हणाले, "ही लावल्यावर वाजवता येईल ना?"

"ही लावल्यावर कळेल, वाजवता येतं का ते," मी म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी त्यांचा ट्रंपेट मी सांगलीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी जोरात फुंकायला मनाई केली होती आणि आण्णांचा भरवसा नव्हता. माझ्या कॉटखाली ठेवला. बँड रज्जाकमामू चालवायला लागले, लीडला शेजारच्या कवठे गावचा एक पोरगा आणला.

*

आईचा फोन यायचा.

"तुषार, ह्यांना कसं वाटतंय रे?"

"आई, ते तुझ्यासमोर आहेत ना?"

"आहेत की. पण ते खरं कुठं सांगतात? तुझ्यात बघ."

मागून आण्णांचा आवाज. "विचार, विचार. मला भूक लागली का ते पण विचार त्याला."

एकदा जेवणानंतर आकडा वाढला आणि आईनं लोणच्याची बरणीच लपवली. जेवल्यावर आतड्यांकडं रक्त जास्त जातं, आकडा थोडा वाढणारच, हे मी तिला समजावलं. तिनं ऐकून घेतलं. बरणी दिली नाही. मग आण्णांना पाणी किती, झोप किती, पाय सुजलेत का, सगळ्याचं उत्तर माझ्या मोबाईलमध्ये. मामा आले तरी आधी मला फोन, "काय म्हणतोय आकडा? मग येतो बघायला." बरा असेल तर गप्पा मारायला, वाईट असेल तर भेटायला. आण्णा घरात असून नसल्यासारखे. त्यांच्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत आणि त्यांच्याशी कुणी बोलत नाही.

मीही तसलाच. तासगावला गेलो की समोर बसायचो आणि कोपऱ्यात बघायचो.

"मी हितं आहे," आण्णा एकदा म्हणाले. "त्या मोबाईलात नाही. हितं बघ."

मी बघितलं. आणि परत मोबाईल बघितला.

*

मग आकड्यात टोकं यायला लागली.

रोज दुपारी. दिवसभर शांत पिवळा आणि दुपारी एकदम वर, लालला शिवून खाली. परत वर. परत खाली. शेवटी एक मोठं टोक, मग शांत. दुसऱ्या दिवशी परत. मला काम सुचेना. दुपार जवळ आली की लॅपटॉप मिटून मोबाईल समोर ठेवायचो. काहीतरी वाजवल्याशिवाय असलं होणार नाही, हे कळायला गाळणी लागत नाही.

गाडी काढली, तासगाव गाठलं. आण्णा पडवीत खुर्चीवर होते, हात समोरच्या टेबलावर. आई शेजारी गेलेली.

"कुणाचा घेतलाय?"

"काय?"

"ट्रंपेट. रोज दुपारी वाजवताय. माझ्याकडं सगळं येतंय, आण्णा."

"माझा ट्रंपेट तुझ्या कॉटखाली आहे."

"म्हणूनच विचारतोय, कुणाचा घेतलाय."

आण्णांनी हनुवटीनं आतल्या खोलीकडं दाखवलं. मग म्हणाले, "घर शोध."

मी शोधलं. खरंच. कपाट, माळा, कॉटखाली, पिठाच्या डब्यात सुद्धा हात घातला. ते खुर्चीवरून हलले नाहीत. काही सापडलं नाही. जाताना मी काय बोललो तर, "मामूंनीच दिला असणार." त्यांनी मान दुसरीकडं वळवली, आणि मला तो होकार वाटला.

रज्जाकमामू बँडच्या दुकानात ढोलाच्या दोऱ्या ओढत बसले होते. मी दारातूनच सुरू केलं. मरायचेत का ते, मित्र म्हणवता, असलं बरंच.

मामूंनी दोरी सोडली. "ये, मोज." त्यांनी कपाट उघडलं. सगळे ट्रंपेट खिळ्यांना टांगलेले, प्रत्येकाखाली वाजवणाऱ्याचं नाव खडूनं. एकच खिळा रिकामा, आण्णांचा.

"तुझ्या बापाला मी सावळजला कडेवर उचललाय," मामू म्हणाले. "माझ्या शर्टावरचा डाग अजून गेला नाही. मी देईन होय रे त्याला फुंकायला?"

मी कपाटाचं दार लावलं.

"माझ्या आफरीनचं लग्न ठरलंय, माहीत आहे ना? पाळण्यात होती तेव्हा दत्तूनं शब्द दिलाय, हिला मी वाजवून सासरी घालवणार. आता मीच त्याला म्हटलं, शब्द सोडला तुझा, कवठ्याचं पोरगं वाजवेल. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही तुझा बाप. आणि आता तू आलास भांडायला. या, सगळे या. अजून कोण राहिलंय घरात? आईला पण पाठव."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीवर लॅपटॉप उघडून बसलो. टोकं यायची वेळ झाली आणि मी गाळणी बंद केली. आधी कधीच केली नव्हती. गोंगाट कोण बघतो?

सगळा श्वास पडद्यावर आला. रेघ वर चढली, थांबली, खाली आली. छोटी, छोटी, मग जरा लांब. परत छोटी, छोटी, लांब. मधे एक घोट हवेचा, पटकन, नाकातून. मग परत.

मी बघत होतो आणि माझं बोट टेबलावर आपोआप ठेका धरत होतं. कधी धरला ते कळलं नाही.

ही पाठवणीची चाल होती.

आण्णांनी स्वतः बसवलेली. नवरी गाडीत बसली की बाकी बँड थांबायचा आणि ट्रंपेट एकटा वाजायचा. चाल संपताना शेवटचा सूर लांब. त्याला आमच्या बँडात एक नियम. गाडी दिसते तोवर सूर सोडायचा नाही. गाडी वळणावर वळली, दिसेनाशी झाली, की सोडायचा. मधे सोडला तर पोरीला वाटतं माहेरानं आधी पाठ फिरवली, असं आण्णा म्हणायचे. म्हणून पाठवणीच्या आधी ते स्वतः चालत जाऊन वळण किती लांब आहे ते बघून यायचे.

पडद्यावर शेवटची रेघ चढली. थांबली. थांबूनच राहिली. मला खोलीत बसून धाप लागली. मग उतरली.

ते वाजवत नव्हते. तोंड मिटून, ट्रंपेट नसताना, टेबलावर बोटं ठेवून रियाज करत होते. आवाज न करता. आणि पोट मात्र खरं वाजवत होतं. मी ते रोज पुसत होतो, आणि गाळणीतून जे निसटत होतं त्याला आजार म्हणत होतो.

*

"हे खोटं टोक नाही," डॉ. बागवान म्हणाल्या. मी दोन्ही आलेख त्यांच्यासमोर ठेवले होते. "पोट आवळून श्वास धरला की आतला दाब खरंच वाढतो. पण लिव्हर त्या क्षणी जास्त खराब होत नाही. श्वास सोडला की उतरतो."

"मग त्या दाबानं नस फुटेल की नाही?"

"तुझी पट्टी काय म्हणते?"

"लाल म्हणते. पण पट्टी ज्या लोकांवर शिकली त्यात एकही वाजवणारा माणूस नाही. सगळे नुसते थांबणारे."

"मग तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही." त्यांनी चष्मा काढला. "दुर्बीण परत घालून बघते. फुगलेल्या असतील त्या नसा बांधते. दाब कमी करायची गोळी वाढवते. पण वाजवा असं मी म्हणणार नाही, तुषार. ते माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. आणि नाही म्हणायला माझ्याकडं आकडा नाही, भीती आहे नुसती."

दुर्बिणीत दोन नसा फुगलेल्या निघाल्या. बांधल्या.

मी एक उद्योग केला. आण्णांच्या श्वासाच्या रेघेवरून कंप्युटरवर ट्रंपेटचा आवाज तयार केला. जसा श्वास तसा सूर. दम न लावता, नुसतं हळू श्वास घेऊन वाजवता येईल असं. लग्नात स्पीकरवर लावू. मला वाटलं प्रश्न सुटला. तासगावला नेऊन ऐकवलं.

आण्णांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. आईला आवडलं.

"चांगलंय," आण्णा म्हणाले. "ह्या मोबाईलच्या पोरीच्या लग्नात वाजव."

"आण्णा, जीव जाईल."

"तुला कसं कळलं रे, मी दुपारी काय करतोय ते?"

"चाल ओळखली."

"नुसत्या पोटावरून?"

"हो."

त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं की मी त्यांना दिसलो.

"मग ऐक," ते म्हणाले. "सगळी चाल कवठ्याचं पोरगं वाजवू दे. शेवटचा सूर तेवढा माझा. एकच. हॉलपासून वळण जवळ आहे, मी चालून आलोय."

"कधी चालून आलात?"

"ते तुझ्या मोबाईलात आलं नाही होय?"

आई आत निघून गेली. भांडी जोरात आपटली. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "ट्रंपेट आणून दे त्यांचा. आधी पुसून आण. तुझ्या कॉटखाली काय काय असतं देव जाणे."

*

आफरीनचं लग्न मणेराजुरीच्या रस्त्यावरच्या हॉलवर. उसाचा सीझन. निकाह झाला, जेवणं झाली, ऊन उतरत आलं आणि रुखसतीची, म्हणजे पाठवणीची, वेळ झाली. आण्णांचा पांढरा कोट आईनं सोड्यात घालून घालून पांढरा केला होता, तरी छातीवर एक फिकट पिवळा ढग उरला होता. त्यांनी तोच घातला.

मी फेटा बांधून त्यांच्या शेजारी. मोबाईल हातात. पिवळा.

आफरीन आली, मामूंच्या गळ्यात पडली, मग आण्णांसमोर थांबली. "आण्णाचाचा, उगाच जोर लावू नका हां."

"बस तू गाडीत. मागं बघत बस."

गाडी भाड्याची, बिनड्रायव्हरची, फुलांनी मढवलेली. निघाली. कवठ्याच्या पोरानं चाल सुरू केली. बरी वाजवली त्यानं, खोटं कशाला बोलू. मग तो थांबला आणि आण्णांनी ट्रंपेट ओठाला लावला.

सूर लागला.

मी विसरलो होतो तो कसा असतो. मग मी खाली बघितलं. आकडा चढत होता.

गाडी हळूहळू वळणाकडं. अजून थोडं. आणि वळणावरच थांबली.

समोरून उसाचा ट्रॅक्टर आलेला, दोन ट्रॉल्यांचा. तोही बिनड्रायव्हरचा, कारखान्याचा. ट्रॅक्टरला गाडी दिसली, थांबला. गाडीला ट्रॅक्टर दिसला, थांबली. ट्रॅक्टरनं दिवा दिला, तुम्ही जा. गाडीनं दिवा दिला, आधी तुम्ही. दोन्ही मशीन इतकी सभ्य की कुणी हलेना. मागच्या काचेतून आफरीनचा चेहरा दिसतोय. दिसतोय म्हणजे सूर सोडायचा नाही.

आण्णांची मान ताठ. कपाळावरची शीर उभी. आकडा लाल.

मी त्यांचा दंड धरला. "आण्णा, बास." त्यांनी डोळ्यांनीच मला ढकललं.

ट्रंपेट हिसकावता आला असता. हात पुढं गेला सुद्धा. मोबाईल थरथरतोय, आईचाही थरथरत असणार, मिरजेत डॉक्टरांचाही. सगळ्यांना कळलंय आणि कुणाला काही करता येत नाहीये.

मी मोबाईल मामूंच्या हातात कोंबला आणि पळालो.

वळणाकडं. फेटा सुटायला लागला, एका हातानं धरला. मागून सूर येतोय, जरासा कापतोय, पण येतोय. तो येतोय तोवर ते उभे आहेत, एवढंच डोक्यात. ट्रॅक्टरपाशी पोचलो. पुढं टपावर त्याचा कॅमेरा, काचेचा गोळा. फेटा काढला आणि त्या गोळ्यावर गुंडाळला, वर गाठ मारली. ट्रॅक्टर आंधळा झाला. त्यानं पिवळे दिवे लावले आणि इंजिन बंद करून टाकलं. गाडीनं दोन क्षण विचार केला, हा आता हलत नाही हे तिला पटलं, आणि ती त्याच्या कडेनं निघून वळली. आफरीन काचेला हात लावून बसली होती, चेहरा ओला.

सूर थांबला.

मी वळणाच्या अलीकडं होतो की पलीकडं, मलाच कळेना. मधे ट्रॉल्या, ऊस, हॉल दिसत नव्हता. गाडी वळली म्हणून सूर थांबला, की थांबलाच? विचारायला हातात मोबाईल नव्हता. ट्रॉलीला धरून मी परत पळालो.

आण्णा गुडघ्यांवर हात टेकून वाकलेले. तोंडावर रुमाल. भोवती सगळे. मामू माझा मोबाईल उलटा धरून उभे. "हे लाल झालंय रे, कुठं दाबू?"

मी आण्णांचा हात धरला आणि रुमाल ओढून घेतला. उलगडला. दोन्ही बाजूंनी बघितला.

पांढरा. थुंकीनं ओला, पण पांढरा.

"वळण जवळ होतं," आण्णा धापा टाकत म्हणाले. "ट्रॅक्टर धरला नव्हता मी हिशेबात."

मामूंनी त्यांना मिठी मारली आणि शिव्या घातल्या. मराठीत सुरू केल्या, दखनीत संपवल्या. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा आण्णा खुर्चीत बसून चहा पीत होते. त्या लोकांनी तपासलं, मिरजेला न्यायचं ठरवलं, आणि मामूंनी त्यांना बिर्याणी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

*

डॉ. बागवानांनी दुर्बीण घातली. नस फुटलेली नव्हती. मग आधी आण्णांना आणि नंतर मला झापलं, मला जास्त. एकदा काही झालं नाही म्हणून पुढं होणार नाही असं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मला माहीत आहे. लिव्हर तेच आहे. कडक. ते काही मऊ होणार नाही.

ट्रंपेट आता दुकानात त्याच्या खिळ्याला आहे. दुपारचा मुका रियाज मात्र चालू. डॉक्टर म्हणाल्या, करा, पण शेवटचा सूर अर्धा करा. आण्णा अर्धा करत नाहीत.

लग्नातल्या त्या सुराचा सिग्नल माझ्याकडं आहे. वाजवणाऱ्या माणसाचा पहिला. लेबल लावायला बसलो. आजार लाववेना, गोंगाट लाववेना. शेवटी मी तिसरं लेबल बनवलं, पाठवणी. पुण्यातून लगेच मेसेज, हे काय आहे, यादीत बसत नाही, काढ. मी अजून उत्तर दिलेलं नाही. आणखी वाजवणारे शोधतोय. सनईवाले, शंख फुंकणारे, काच फुगवणारे. कुणाच्या ओळखीत असेल तर सांगा.

हे टाईप करता करता दुपार झाली. गाळणी बंद आहे. रेघ चढायला लागलीय. छोटी, छोटी, लांब. बोट टेबलावर. आता कुणाला घालवतायत काय की.

शेवटचा सूर लागलाय. कोपऱ्यात लाल झालं असणार. मी तिकडं बघत नाहीये. मीही श्वास धरलाय, त्यांच्यासारखाच, पोट आवळून. रेघ उतरेपर्यंत सोडणार नाही.